फुफ्फुसातली गाठ आणि सुईची वाट

“सुई लावू देऊ नका बगा. सुई लागली की गाठ चिघळतीया, मग आवरत न्हाई.” कुणाच्या छातीत गाठ निघाली की भेटायला येणाऱ्यांपैकी एकजण तरी हे सांगतोच. सांगणारा वाईट हेतूने सांगत नाही. अमक्याची तपासणी झाली आणि सहा महिन्यांत तो गेला, एवढेच त्याने पाहिलेले असते. तपासणीच्या आधीच आजार किती पुढे गेला होता, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. मग घरातला कर्ता माणूस तपासणीला नाही म्हणतो, दोन-तीन महिने काढे आणि पुड्या घेतो, आणि ज्या दिवशी परत दवाखान्याची पायरी चढतो त्या दिवशी इलाजाचे निम्मे रस्ते बंद झालेले असतात.

वाचक बंधू-भगिनींनो, म्हणून आधी या समजाचाच निकाल लावू. फुफ्फुसातल्या गाठीत सुई घालून तुकडा काढल्यावर सुईच्या वाटेवर रोग रुजला, अशी उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. ती नाहीतच असे म्हणणे खोटे होईल. पण त्यांचे प्रमाण हजारात एकाहूनही कमी आहे. उलट तुकडा काढला नाही तर गाठ कसली आहे तेच कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय सहसा कोणताही जबाबदार डॉक्टर कर्करोगाचा इलाज सुरू करत नाही. अंधारात औषध देणे आणि अंधारात दगड मारणे यात फार फरक नाही.

आता ती सुई गाठीपर्यंत नेमकी कशी पोचते, तिला वाट कोण दाखवते, आणि आजकाल त्याच वाटेने जाऊन गाठ जाळून कशी टाकतात, हे समजून घेण्यासारखे आहे. भीती ही बहुतेक वेळा न समजलेल्या गोष्टीची असते.

डाग कशाकशाचा असतो?

कोल्हापूर हे फौंड्रीचे गाव. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, पुढे कागल-हातकणंगल्याची पंचतारांकित वसाहत. इंजिनाचे, पंपाचे, गाडीचे सुटे भाग इथे ओतले जातात आणि ओतकामाला वाळूचे साचे लागतात. साचा फोडताना, ओतीव भागाला चिकटलेली वाळू झाडताना, ग्राइंडिंग करताना जी बारीक धूळ उडते तिच्यात सिलिका असते. डोळ्यांना दिसते ती धूळ नाका-घशातच अडकते. खरी घातक धूळ दिसतच नाही, इतकी बारीक असते. ती थेट फुफ्फुसाच्या तळाशी जाऊन बसते. तोंडाला बांधलेला रुमाल तिला अडवू शकत नाही. या सिलिकेमुळे सिलिकोसिस होतो, क्षयाची शक्यता वाढते, आणि कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९७ साली तिला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे. डिझेलच्या धुराला त्याच गटात २०१२ साली जागा मिळाली.

इकडे पुणे-बंगळूर रस्त्याने तासाभराच्या आत निपाणी. तंबाखूचा मुलूख. तिथली विडी आपल्याकडच्या किती खिशांत असते हे सांगायला नको. विडी पानात गुंडाळलेली म्हणून सिगारेटपेक्षा सौम्य, असे मानणारे अजून पुष्कळ आहेत. ती विझू नये म्हणून झुरके वारंवार आणि खोल घ्यावे लागतात, हे ते विसरतात. आणि ज्या आयाबाया आयुष्यात कधी विडीला शिवल्या नाहीत त्यांनी वीस-तीस वर्षे चुलीपुढे बसून जो धूर घेतला, त्याचाही हिशेब शरीर ठेवतेच.

अशा माणसाच्या छातीचा एक्स-रे काढला की त्यात डाग दिसतो. तो डाग क्षयाचा असू शकतो, सिलिकोसिसचा असू शकतो, जुन्या न्यूमोनियाचा व्रण असू शकतो आणि कर्करोगाची गाठही असू शकते. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे, त्यामुळे डॉक्टरांच्या मनात आधी टी.बी. यावा हे स्वाभाविक आहे आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते. अडचण तिथे होते, जिथे थुंकीच्या तपासणीत जंतू सापडलेला नसतो, केवळ डागावरून टी.बी.च्या गोळ्या सुरू होतात, आणि पाच-सहा महिने त्याच चालू राहतात. आपल्या देशात फुफ्फुसाच्या कर्करोगाचे कितीतरी रुग्ण असे टी.बी.च्या गोळ्या खाऊन मगच कर्करोगाच्या डॉक्टरांकडे पोचतात. टी.बी.च्या औषधाने टी.बी. असेल तर महिना-दोन महिन्यांत ताप जातो, भूक लागते, वजन वाढू लागते. तसे झाले नाही, डाग तेवढाच राहिला किंवा वाढला, थुंकीतून रक्त येत राहिले, आवाज बसला, खांद्यात ठणका लागला, तर “डॉक्टर, सी.टी. स्कॅन करायचा का?” असे विचारायला लाजू नये. विचारणे हा उद्धटपणा नाही.

हलणारे निशाण

गळ्याजवळ गाठ आली तर हाताला लागते. फुफ्फुसातली गाठ हाताला लागत नाही. ती बरगड्यांच्या पिंजऱ्यात असते, शेजारी हृदय असते, जाडजूड रक्तवाहिन्या असतात. उजव्या फुफ्फुसाचे तीन भाग, डाव्याचे दोन. श्वासनळी छातीत उतरली की तिला दोन फांद्या फुटतात, त्या फांद्यांना पुन्हा दोन, असे करत करत सुमारे तेवीस वेळा फाटे फुटतात. झाड उलटे धरून पाहावे तसे हे चित्र आहे. डहाळीच्या टोकाला, कवचाजवळ, वाटाण्याएवढी गाठ असली तर तिच्याकडे जायचे कोणत्या फांदीने?

त्यात आणखी एक पंचाईत. फुफ्फुस स्थिर नसते. श्वास घेतला की खाली सरकते, सोडला की वर येते. खालच्या भागातली गाठ प्रत्येक श्वासाबरोबर एक-दोन सेंटिमीटर, कधी त्याहूनही जास्त हलते. म्हणजे दीड सेंटिमीटरची गाठ श्वासागणिक आपल्या स्वतःच्या लांबीएवढी जागा बदलते. पाळण्यात झोके घेणाऱ्या पोराच्या कपाळावर नेमकी तीट लावण्यासारखे हे काम.

म्हणून पूर्वी एकच मार्ग होता. छाती बाजूने उघडायची, बरगड्या फाकवायच्या आणि हाताने चाचपून गाठ शोधायची. जखम भरायला आठवडे लागत, दुखणे महिनोन् महिने राही. पगारी माणसाचे ठीक आहे. रोजंदारीवर असलेल्याचा तीन महिन्यांचा खाडा म्हणजे घराची भिशी मोडली, पोराची फी थकली. आणि इतके करून गाठ साधी निघाली तर ते सगळे हकनाक. फुफ्फुसात दिसणारी प्रत्येक लहान गाठ कर्करोगाची नसते. बारक्या गाठींपैकी बहुसंख्य निरुपद्रवीच निघतात.

शेतकऱ्याच्या मुलाचे यंत्र

ही कोंडी फुटायला पाऊणशे वर्षे लागली. जर्मनीत व्युर्झबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेनने ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरण शोधले आणि शरीर न कापता आत डोकावता येऊ लागले. त्याने आपल्या शोधाचे पेटंट घेतले नाही, म्हणून ते जगभर झपाट्याने पसरले. दोनच वर्षांनी, १८९७ साली, जर्मनीतच गुस्टाफ किलियान या घशाच्या डॉक्टरने एका शेतकऱ्याच्या श्वासनळीत अडकलेले हाड कडक नळी घालून बाहेर काढले. श्वासनळीतून दुर्बीण घालण्याच्या विद्येची सुरुवात तिथून झाली. पण कडक नळी पहिल्या एक-दोन फाट्यांपुढे वळणार कशी? ती वळवण्याचे काम जपानच्या शिगेतो इकेदांनी केले. काचेच्या केसासारख्या तंतूंची लवचिक दुर्बीण त्यांनी १९६६ साली जगापुढे ठेवली.

तरीही एक उणीव होती. एक्स-रेमध्ये सगळे एकावर एक दिसते. हृदयामागची गाठ हृदयाच्या सावलीत लपते. भिंतीवरची सावली पाहून माणूस किती पुढे उभा आहे हे जसे सांगता येत नाही, तसेच एक्स-रेवरून गाठ किती खोल आहे हे सांगता येत नाही.

ही उणीव ज्याने भरून काढली त्या माणसाची गोष्ट मुलांना मुद्दाम सांगावी अशी आहे. गॉडफ्रे हाऊन्सफिल्ड हा इंग्लंडमधल्या एका शेतकऱ्याचा मुलगा. विद्यापीठाची पदवी त्याच्याकडे नव्हती. लहानपणी शेतावरच्या यंत्रांशी खटपट करायची, पुढे हवाई दलात रडार शिकला, मग ई.एम.आय. या गाण्याच्या तबकड्या काढणाऱ्या कंपनीत संशोधनाला लागला. त्याने असा विचार केला की एकाच दिशेने फोटो काढण्याऐवजी सगळ्या बाजूंनी फिरून किरण सोडले आणि गणित करायला संगणक बसवला, तर आतला एकेक आडवा काप वेगळा दाखवता येईल. पाव कापून आतली जाळी पाहावी तसा. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मोर्ले रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या डोक्याचा असा स्कॅन झाला. १९७९ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. याच विषयाचे गणित आधी मांडणारे ॲलन कॉर्मॅक त्यात भागीदार होते. त्या पहिल्या यंत्राला एकेका कापाला काही मिनिटे लागत. आज अख्ख्या छातीचा सी.टी. स्कॅन एका रोखलेल्या श्वासात होतो.

सी.टी. स्कॅन आला आणि फुफ्फुसातल्या गाठीचा पत्ता सापडला. किती आत, कोणत्या बरगडीखाली, रक्तवाहिनीपासून किती अंतरावर, सगळे मिलिमीटरमध्ये.

सुई जाते कशी?

बाहेरून सुई घालण्याची पद्धत आज सगळ्यांत जास्त वापरात आहे. रुग्णाला सी.टी.च्या टेबलावर झोपवतात. गाठ पाठीकडे असेल तर पालथे, पुढे असेल तर उताणे. छातीवर धातूच्या बारीक तारांची एक पट्टी चिकटवतात आणि स्कॅन काढतात. पडद्यावर गाठही दिसते आणि पट्टीच्या तारांचे ठिपकेही दिसतात. त्यावरून डॉक्टर ठरवतात, की या ठिपक्यापाशी, इतक्या कोनात, इतके सेंटिमीटर आत. बरगडीच्या खालच्या कडेने रक्तवाहिनी जाते, म्हणून सुई बरगडीच्या वरच्या कडेला लागून नेतात. कातडीला बधिर करणारे इंजेक्शन देतात. सहसा पूर्ण भूल लागत नाही. “श्वास घ्या, सोडा, थांबा” असे सांगतात आणि तेवढ्या क्षणात सुई थोडी पुढे सरकते. पुन्हा स्कॅन. वाट चुकली असेल तर दुरुस्ती. असे दोन-चार टप्प्यांत सुई गाठीत पोचते. बाहेरची सुई तिथेच ठेवून तिच्या पोकळीतून आतली सुई घालतात आणि शेवयासारखे बारीक तुकडे काढतात. सगळे मिळून अर्धा-पाऊण तास.

रुग्णाचे यात एक मोठे काम असते. प्रत्येक वेळी श्वास सारख्याच मापाने रोखायचा. एकदा खूप भरला, दुसऱ्यांदा थोडा भरला, तर गाठ जागेवर सापडत नाही. घरी दोन दिवस आधी सराव करून गेलेल्या माणसाचे काम लवकर होते. खोकला येत असेल तर आधीच सांगावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हृदयाच्या माणसाला देतात त्या, चालू असतील तर त्यांची चिठ्ठी दाखवलीच पाहिजे.

धोका लपवून ठेवण्यात अर्थ नाही. सुई आतल्या आवरणातून जाताना फुफ्फुसातली हवा बाहेर झिरपून छातीत साठू शकते. शंभरात पंधरा ते पंचवीस जणांना, काही पाहण्यांत त्याहूनही अधिक जणांना, असे होते. बहुतेकांची हवा थोडी असते आणि आपोआप जिरते. काहींना मात्र छातीत नळी घालून एक-दोन दिवस दवाखान्यात ठेवावे लागते. दम्याने किंवा विडीने फुफ्फुस फुगलेले असेल तर ही शक्यता जास्त. थुंकीत थोडे रक्त दोन-चार वेळा येऊ शकते. म्हणून सुईनंतर काही तास झोपवून ठेवतात, पुन्हा एक्स-रे काढतात आणि मगच घरी सोडतात. घरी आल्यावर अचानक दम लागला, छातीत कळ आली, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

हाताच्या अंदाजाला आता यंत्राची जोड मिळाली आहे. चेन्नईच्या परफिंट या आपल्या देशातल्याच कंपनीने सी.टी.च्या टेबलाशेजारी उभा राहणारा यंत्रहात बनवला. स्कॅनवर डॉक्टरांनी वाट आखली की तो हात नेमक्या कोनात येऊन थांबतो, सुई मात्र डॉक्टरच घालतात. इटलीत रोममध्ये १०० रुग्णांवर त्याची नेहमीच्या पद्धतीशी तुलना झाली, तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. नेमकेपणा दोन्हीकडे सारखा होता; वेळ आणि किरणे मात्र यंत्रहाताने कमी लागली. अनुभवी डॉक्टरांच्या हाताला यंत्राने मागे टाकले, असा याचा अर्थ नाही. बातम्यांतून तसा अर्थ काढला जातो, म्हणून सांगितले.

आतल्या वाटेने

दुसरी पद्धत श्वासनळीतून. इथे खरी वाटाड्याची गरज पडते, कारण दुर्बीण जिथपर्यंत जाते त्यापुढच्या डहाळ्या तिच्याहून बारीक असतात. मोबाइलवर नकाशा लावून अनोळखी गावात गाडी नेणारे आता पुष्कळ आहेत. हे तसेच आहे. आधी काढलेल्या सी.टी. स्कॅनवरून संगणक श्वासनळ्यांचे पूर्ण झाड तयार करतो आणि गाठीपर्यंतचा रस्ता रंगवून दाखवतो. रुग्णाला ज्या गादीवर झोपवतात तिच्यातून सौम्य चुंबकीय क्षेत्र सोडलेले असते. दुर्बिणीतून पुढे सरकणाऱ्या बारीक नळीच्या टोकाला एक संवेदक असतो. त्यामुळे टोक या क्षणी कुठे आहे हे पडद्यावरच्या नकाशात दिसत राहते. डावीकडे वळा, आता उजवीकडे, आता गाठ इतके मिलिमीटर पुढे. ही विद्या २००४-०५ च्या सुमारास वापरात आली. पुढे २०१८ आणि २०१९ साली अमेरिकेत दोन यंत्रमानवी दुर्बिणींना परवानगी मिळाली.

पण नकाशा आणि रस्ता यांच्यात फरक पडतो! स्कॅन काढताना रुग्णाने भरपूर श्वास घेऊन रोखलेला असतो. प्रत्यक्ष काम भूल देऊन चालते तेव्हा फुफ्फुस तेवढे फुगलेले नसते. मग पडद्यावर टोक गाठीत दिसते आणि खरे टोक बोटभर बाजूला असते. संशोधनात हा दोष अनेकदा दिसून आला. त्यावर उपाय म्हणून आता टेबलाभोवती फिरणारे छोटे सी.टी. यंत्र त्याच खोलीत आणतात आणि तुकडा काढण्याआधी “खरेच पोचलो का?” हे पाहून घेतात.

दोन वाटांत चांगली कोणती? अमेरिकेतल्या सात केंद्रांनी मिळून एक ते तीन सेंटिमीटरच्या गाठी असलेल्या रुग्णांवर हे पडताळून पाहिले आणि २०२५ साली निकाल जाहीर केला. निदान दोन्हींचे जवळपास सारखे, नळीच्या वाटेने शंभरात ७९, सुईच्या वाटेने शंभरात ७४. छातीत हवा साठण्याचे प्रमाण मात्र सुईत शंभरात २८ आणि नळीत अवघे ३. म्हणजे नळीची वाट जास्त सुरक्षित. पण तिचे यंत्र कोटींच्या घरातले, आणि दर वेळी टाकून द्यावे लागणारे साहित्य महाग. आपल्याकडे ते मोजक्या मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत आहे. त्यासाठी घर गहाण टाकावे असे आमचे मत नाही. गाठ बरगडीजवळ असेल तर साध्या सी.टी.वर चालणारी सुई, अनुभवी डॉक्टरच्या हातची, पुरेशी असते.

तिथल्या तिथे जाळणे

तुकड्याचा अहवाल आला, कर्करोग ठरला, गाठ लहान आहे, पसरलेली नाही. अशा वेळी माणूस धडधाकट असेल तर शस्त्रक्रियेचाच सल्ला आधी मिळतो, आणि तीसुद्धा आता पुष्कळ ठिकाणी दोन-तीन छोट्या छिद्रांतून कॅमेरा घालून होते. ज्यांचे हृदय किंवा फुफ्फुस शस्त्रक्रिया सोसणार नाही, त्यांच्यासाठी आणखी दोन मार्ग आहेत. दोन्ही चित्र पाहून चालतात.

पहिला सुईचा. ज्या वाटेने तुकडा काढला त्याच वाटेने विशेष सुई घालायची आणि तिच्या टोकाशी उष्णता निर्माण करायची. रेडिओ लहरी किंवा मायक्रोवेव्ह यांनी गाठीचे तापमान साठ अंशांच्या वर गेले की पेशी जागीच मरतात. उलट, आर्गॉन वायू सोडून गाठ गोठवण्याचीही पद्धत आहे. फुफ्फुसात हवा असते आणि हवा उष्णता पसरू देत नाही, त्यामुळे ताप गाठीतच कोंडून राहतो. इथे ती हवा आपल्या उपयोगी पडते. गाठ तीन सेंटिमीटरपर्यंत असेल तर गुण चांगला येतो. मोठी असेल, किंवा शेजारी जाड रक्तवाहिनी असेल, तर रक्त ती उष्णता वाहून नेते आणि कड कच्ची राहते.

दुसरा मार्ग किरणांचा. स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात १९९० नंतरच्या काळात सुरू झालेली ही पद्धत. पूर्वी रोज थोडे थोडे किरण सहा-सात आठवडे देत. इथे तीन ते पाच बैठकांत, क्वचित आठ, मोठी मात्रा देतात. पण वेगवेगळ्या दिशांनी बारीक झोत सोडून, सगळे झोत गाठीत एकत्र येतील असे. आधी श्वासाच्या प्रत्येक टप्प्याचा स्कॅन काढून गाठ किती हलते ते मोजतात, आणि दर बैठकीला किरण सोडण्यापूर्वी यंत्रावरच स्कॅन काढून निशाण तपासतात. लहान गाठी यातून शंभरातल्या सुमारे नव्वद रुग्णांत त्या जागी आटोक्यात राहतात. सुई नाही, भूल नाही, जखम नाही.

हे सगळे वाचून आशा वाटेल, आणि वाटावी. पण खरी परिस्थिती अशी की आपल्याकडचे बहुसंख्य रुग्ण पोचतात तेव्हा रोग गाठीबाहेर गेलेला असतो. तिथे नुसती गाठ जाळून भागत नाही. तरीही सुईचे महत्त्व संपत नाही, उलट वाढते. भारतातल्या ज्या रुग्णांत ग्रंथीपेशींचा कर्करोग असतो, त्यांच्यापैकी जवळजवळ चौथ्या हिश्शात ई.जी.एफ.आर. नावाच्या जनुकात बिघाड सापडतो. असा बिघाड असेल तर जेफिटिनिबसारखी रोजची एक गोळी चालते, आणि तिच्या स्वस्त आवृत्त्या आपल्या देशात बनतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ३५० रुग्णांवर अभ्यास करून २०१९ साली दाखवून दिले, की या गोळीला सलाइनमधून देण्याच्या औषधांची जोड दिली तर रोग सरासरी ८ ऐवजी १६ महिने आवरून राहतो. हे सारे कशावर ठरते? सुईने काढलेल्या त्या शेवयाएवढ्या तुकड्यावर. तुकडा पुरेसा निघाला नाही तर जनुकाची तपासणीच होत नाही.

आपण कुठे जायचे?

कोल्हापुरात पहिली पायरी थोरला दवाखाना, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. छातीच्या विभागात दाखवायचे. शहरात आणि गोकुळ शिरगावला कर्करोगाची रुग्णालयेही आहेत. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झालेली आणि आता महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी जनआरोग्य योजना कर्करोगाची शस्त्रक्रिया, औषधे आणि किरणोपचार यांना लागू आहे. योजनेतल्या रुग्णालयात दाराजवळ आरोग्यमित्र बसतो. पैसे भरण्याआधी त्याला भेटायचे, नंतर नव्हे. शिधापत्रिका आणि आधार बरोबर ठेवायचे. ई.एस.आय. कापला जात असेल तर ते कार्डही. कुठली तपासणी योजनेत बसते आणि कुठली नाही, हे त्याच्याकडून नीट समजून घ्यायचे. फौंड्रीत काम केले असेल तर किती वर्षे, कोणत्या खात्यात, हे डॉक्टरांना आपणहून सांगून कागदावर लिहून घ्यायचे. सिलिकोसिस हा कामामुळे होणारा आजार म्हणून कायद्यात नोंदलेला आहे आणि नुकसानभरपाईच्या वेळी ती ओळ उपयोगी पडते.

पुढे परळला जावे लागले तर टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालापासून तिथे उभे आहे, १९६२ पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. सर्वसाधारण वर्गात नाव नोंदवले तर खर्च पुष्कळच कमी येतो. जाताना सगळे जुने एक्स-रे, स्कॅनच्या फिल्म आणि सीडी, आणि विशेषतः तुकड्याचे मेणातले ब्लॉक व काचपट्ट्या ज्या प्रयोगशाळेत तपासणी झाली तिथून मागून घ्याव्यात. ते आपले असतात, मागितले की मिळतात. हे बरोबर नसले तर सुई दुसऱ्यांदा टोचावी लागते आणि आठवडा वाया जातो. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर वर्गात भाडे पडत नाही आणि सोबतच्या एका माणसाला पंचाहत्तर टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यातला दाखला भरून घ्यावा लागतो. रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरली की सकाळी दादर. राहायला दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. तिथे टाटाचे रुग्ण आणि त्यांची माणसे उतरतात. जागेसाठी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाची चिठ्ठी विचारून घ्यावी. तुकड्याचा पहिला अहवाल यायला आठवडा-दीड आठवडा, जनुकाच्या तपासणीला आणखी काही दिवस लागतात. तेवढ्या दिवसांची रजा आधीच टाकून निघावे.